करवत मावशीची बेवारस पेटी

शाळेत तिला सगळे तोंडावर मावशी म्हणत आणि पाठ वळली की करवत. आवाजच तसा होता. अंगणाच्या या टोकाला ती बोलली की त्या टोकाच्या वर्गात पोरं आपोआप सरळ बसत. हे नाव तिला माहीत होतं, आणि ते पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं तेही माहीत होतं. ऑफिसातल्या क्लार्कच्या. पण क्लार्कच्या टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या वर्तमानपत्राखाली काय काय दडवलेलं असतं, हे झाडू मारणाऱ्या बाईला ठाऊक असतं, आणि तिला ते ठाऊक आहे हे क्लार्कलाही ठाऊक होतं. त्यामुळे दोघांचं बरं चाललं होतं.

सव्वीस हिवाळे तिने या शाळेत काढले. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक होता. तो गेल्यावर तेव्हाच्या हेडसरांनी तिला कामावर घेतलं आणि कोळशाच्या कोठीला लागून असलेली खोली राहायला दिली. खोलीत एक खाट, एक ट्रंक, एक शिवणयंत्र आणि शाळेच्या फाटकाकडे उघडणारी एक खिडकी. मुलगा दुसऱ्या शहरात. तो महिन्यातून एकदा फोन करून तिची तब्येत विचारायचा आणि उत्तर ऐकायच्या आत स्वतःची सांगायला लागायचा. एकूण माणूस या प्राण्याविषयी मावशीचं मत फारसं चांगलं नव्हतं, आणि शाळेत काम करून ते सुधारलं नव्हतं.

तिथला हिवाळा नोव्हेंबरात यायचा आणि मार्च संपेपर्यंत हलायचं नाव घ्यायचा नाही. मावशी पहाटे साडेपाचला उठे. आधी किटलीभर उकळतं पाणी अंगणातल्या नळावर ओतायचं, कारण नळ गोठलेला असे. मग हॉलमधल्या मोठ्या लोखंडी शेगडीतली कालची राख काढायची, काटक्या रचायच्या, वर कोळसा घालायचा आणि धुराड्याची झडप बरोबर अर्धी उघडायची. पूर्ण उघडली तर सगळी ऊब आकाशात, आणि बंद राहिली तर सगळी शाळा खोकत बसते. हे गणित दुसऱ्या कोणाला कधी जमलं नाही. मावशी आजारी असताना एकदा विज्ञानाचे सर बाह्या सरसावून शेगडी पेटवायला गेले. हवेच्या दाबाचा नियम त्यांनी मुलांना तिथेच उभ्या उभ्या समजावून सांगितला. त्या दिवशी शाळा साडेनऊला सोडावी लागली.

पण शाळेला अभिमान होता तो शेगडीचा नव्हे, मूल्यांचा. आताचे हेडसर आल्यापासून दर महिन्याला एक मूल्य ठरे. हॉलच्या दारासमोर एक वेगळा फळा होता. चित्रकलेचे सर त्यावर रंगीत खडूने त्या महिन्याचं मूल्य लिहीत, भोवती वेलबुट्टी काढत, आणि मग महिनाभर सगळी शाळा त्या मूल्याप्रमाणे वागे. म्हणजे वागायचं असं ठरे. महिना संपला की मावशी ओल्या फडक्याने मूल्य पुसून टाकी. हे काम तिला मनापासून आवडायचं.

"सर, गेल्या महिन्याचं संपलं का सगळं?" ती हेडसरांना विचारायची. "का थोडं उरलंय? नाहीतर पुसते."

हेडसर हसायचे. आनंदी वृत्ती हे मूल्य सप्टेंबरातच होऊन गेलं होतं.

त्या वर्षी नोव्हेंबरात 'वाटून घेणे' आलं आणि त्याच्याबरोबर अध्यक्षबाई आल्या. या पालक समितीच्या अध्यक्षा, डॉक्टरांच्या पत्नी. शाळेला त्या 'आपलं कुटुंब' म्हणत, आणि कुटुंबात सुनेने मध्ये बोललेलं जसं खपत नाही, तसं त्यांनाही कोणी मध्ये बोललेलं खपत नसे. त्यांनी कल्पना काढली. व्हरांड्याच्या भिंतीवर वीस खुंट्या ठोकायच्या. ज्यांच्या घरी जास्तीचे गरम कोट आहेत त्यांनी ते तिथे टांगायचे, आणि ज्याला गरज आहे त्याने घेऊन जायचे. वर पाटी लावायची: 'ऊब सर्वांची'. कल्पना वाईट नव्हती, हे मावशीनेही मान्य केलं. खुंट्या तिनेच ठोकल्या. चार दिवसांत एकोणीस कोट आले, फोटो निघाला, आणि फोटो मोठा करून ऑफिसात लागला.

मग अध्यक्षबाईंना दुसरी कल्पना सुचली, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. पुढच्या महिन्याचं मूल्य कृतज्ञता, आणि त्याची सुरुवात आतापासूनच करायची. तेव्हा जो मुलगा किंवा मुलगी कोट घेईल, त्याने सकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर उभं राहून आभाराचं कार्ड वाचून दाखवायचं.

"नुसतं घ्यायचं आणि चालू पडायचं, हे संस्कार नव्हेत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "घेताना मान खाली झाली पाहिजे. नम्रतेने, असं म्हणतेय मी."

हेडसरांनी मान डोलावली. शिक्षकांनी डोलावली. कार्डं छापून आली, त्यावर एक चिमुकलं हृदय होतं.

एकही कोट हलला नाही. पहिल्या आठवड्यात नाही, दुसऱ्यात नाही, नोव्हेंबरच्या अखेरीसही नाही. मुलं त्या भिंतीपासून लांबून जाऊ लागली. तिथे रेंगाळलेलं कोणी पाहिलं तर काय म्हणेल, एवढं तर पहिलीतल्या पोरालाही कळतं. फक्त समितीला कळलं नाही. समितीने अहवालात लिहिलं, आमच्या शाळेत एकही गरजू मूल नाही, ही आम्हा सर्वांसाठी अभिमानाची गोष्ट आहे. अध्यक्षबाईंनी तो दोनदा वाचून दाखवला. चहाचे कप गोळा करता करता मावशीने हे ऐकलं. अंगाचा असा तिळपापड झाला की तिने दोन कप भरलेलेच उचलून नेले.

गरजू कोण ते तिला बोटावर मोजून सांगता आलं असतं. पाच. पाचही मुलं तिच्या खिडकीसमोरून फाटकातून आत येत. कोण स्वेटरवर स्वेटर घालून येतं, कोणाच्या बाह्या कोपराशी संपतात, हे बघायला अहवाल लागत नाही. त्या पाचांत सगळ्यात आधी येणारी तिसरीतली एक मुलगी होती. तिची आई लाँड्रीत इस्त्रीला होती. तिथलं काम सातला सुरू व्हायचं, म्हणून ती पोरीला शाळेच्या फाटकाशी सोडून जायची. शाळा आठची. पोर थंडी विसरायला मोठ्याने पाढे म्हणत अंगणात येरझाऱ्या घालायची, म्हणून सगळे तिला पाढेवाली म्हणत. मावशी तिला रोज शेगडीपाशी घ्यायची, आणि रोज बोलून घ्यायची.

"पाय पूस. पुसलेस? पुन्हा पूस. आणि ते सतराचं काय म्हणत होतीस? सतरा सक एकशे चार? तुझ्या बाईंना सांगते थांब."

"एकशे दोन, मावशी."

"मग तसं म्हण की! उगाच सकाळी सकाळी डोकं उठवतेस माझं."

पाढेवाली हसायची. मावशी रागावली म्हणजे सगळं जागेवर आहे, हे तिला कळलेलं होतं.

आता मावशीकडे एक पेटी होती. हॉलच्या कोपऱ्यातली मोठी लाकडी पेटी, हरवलेल्या वस्तूंची. पंधरा दिवसांत मालक आला नाही तर वस्तू बेवारस, आणि बेवारस वस्तू मावशी कोणाच्याही गळ्यात मारायची. त्यात लाज नव्हती. खुद्द डॉक्टरांच्या मुलाने त्यातून हातमोजे नेले होते, एक निळा आणि एक काळा. मावशी द्यायची पद्धत तर अशी होती की घेणाऱ्याला वाटावं आपणच हिच्यावर उपकार करतोय.

"ए, तू! इकडे ये. हे कोणाचं गबाळ आहे? माझी पेटी भरून राहिली आहे. ने एकदाचं. पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर आणलंस तर बघ."

डिसेंबरच्या सुरुवातीच्या एका रविवारी, शाळेत चिटपाखरू नसताना, तिने खुंटीवरचे दोन कोट आपल्या खोलीत आणले. पुढच्या रविवारी तीन. उरलेले चौदा कोट तिने असे लांब लांब टांगले की भिंत भरलेलीच दिसावी. मग शिवणयंत्र काढलं. गळ्यामागच्या पट्ट्या कापल्या, बटणं बदलली, कॉलर उलटवून शिवल्या. अध्यक्षबाईंच्या मुलीचा सायीच्या रंगाचा एक सुरेख लोकरी कोट होता, तो लपणं अवघड होतं. मावशीने शिक्षकांच्या खोलीतला आठवडाभराचा चहाचा चोथा जमवला होता. तो मोठ्या पातेल्यात उकळून तिने कोट त्यात दोनदा बुडवला, आणि तो असा काही तपकिरी झाला की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. नऊ शिक्षकांच्या हातून एवढं चांगलं काम पहिल्यांदाच होत होतं.

कोट पेटीत गेले आणि एकेक करून मुलांच्या गळ्यात पडले. तपकिरी कोट पाढेवालीला मिळाला.

"कोणाचा आहे, मावशी?"

"मला काय माहीत? मी काय सगळ्या जगाची आई आहे? तीन आठवडे पडलाय. आईला सांग, पेटीतला आहे. घाल. बटणं लाव. अगं, नीट लाव!"

जानेवारीत एकदा अध्यक्षबाईंनी व्हरांड्यात त्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि कोटाचा रंग किती छान आहे म्हणाल्या. मावशी त्या वेळी जिना पुसत होती. तिने मान वर केली नाही, पण त्या दिवशी जिना जरा जास्तच स्वच्छ निघाला.

जानेवारीचं मूल्य प्रामाणिकपणा. महिना संपत आला तेव्हा अध्यक्षबाई खुंट्यांचा नवा फोटो काढायला आल्या, आणि फोटो काढायचा म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते कोट नीट पाहिले. मग ऑफिसातला जुना फोटो पाहिला. मग पुन्हा भिंत. एकोणीसचे चौदा झाले होते.

दुपारी हेडसरांच्या खोलीत बैठक बसली. मावशी चहाचा ट्रे घेऊन आत गेली तेव्हा खोलीत असं वातावरण होतं की कोणी खुंट्यांवरून कोट नव्हे, शाळेचं नाकच कापून नेलंय.

"आणि नेमका प्रामाणिकपणाच्या महिन्यात!" हेडसर म्हणाले. "माणसाने वेळ तरी बघावी."

ज्यांना कोट नको होते असं अहवाल सांगत होता, त्यांच्यापैकीच कोणीतरी ते नेले असणार, म्हणजे कोट कोणाला तरी हवे होते, हा साधा विचार त्या खोलीत एकाच्याही डोक्यात आला नाही. क्लार्कच्या आला असावा, पण तो आपल्या वहीत रेघा मारत बसला.

"मी सांगते काय करायचं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "उद्या प्रार्थनेला सगळ्या मुलांना अंगणात ओळीत उभं करा. कोट काढायला लावा आणि बाह्या उलट्या करून बघा. आमच्या घरचे कपडे लाँड्रीत जातात. लाँड्रीवाले प्रत्येक घराची वेगळी खूण घालतात, बाहीच्या आत, लाल दोऱ्याने. आमची तीन टाके आणि एक फुली. कोट कोणी कितीही लपवू दे, खूण सापडणार."

मावशीच्या हातातला ट्रे जागच्या जागी थांबला. पट्टी कापली, बटणं बदलली, कॉलर उलटवली, रंग घातला. बाही उलटी करून बघितली नाही. कशी बघणार? सव्वीस वर्षांत तिचा एक रुमालसुद्धा कधी लाँड्रीत गेला नव्हता. लाँड्रीत कपड्यांना खुणा घालतात हे जिचे कपडे लाँड्रीत जातात तिलाच ठाऊक.

तिला अंगणातली ओळ दिसली. एकशे चाळीस मुलं थंडीत कोट काढून उभी, आणि शिक्षक एकेकाची बाही उलटतायत. मग पाढेवालीपाशी येऊन थांबतात.

"बाह्या बघायची गरज नाही," ती म्हणाली. "मी नेले."

"काय?"

"पाचही मी नेले. बाजारात विकले."

"विकले? मावशी, तुम्ही?" हेडसर उठून उभे राहिले. "का पण?"

"का म्हणजे? पैसे लागतात माणसाला. चहा घ्या, निवतोय."

हेडसरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. अध्यक्षबाईंना म्हणे पहिल्या दिवसापासूनच संशय होता. पोलिसांत द्यायचं का, कामावरून काढायचं का, यावर अर्धा तास खल झाला, आणि मावशी तिथेच दाराशी उभी होती. कामावरून काढलं तर उद्यापासून शेगडी कोण पेटवणार, हा प्रश्न कोणीतरी विचारला. सगळ्यांनी विज्ञानाच्या सरांकडे पाहिलं. सर खोकले. मग हेडसरांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली आणि चेहरा एकदम उजळला. फेब्रुवारीला चार दिवस उरले होते, आणि फेब्रुवारीचं मूल्य होतं क्षमा.

"हा योगायोग नाही," हेडसर हळू आवाजात म्हणाले.

एक तारखेला हॉलमध्ये सगळी शाळा जमली. फळ्यावर 'क्षमा' लिहिलेलं, भोवती कबुतरं. मावशीला शेगडीच्या बाजूला उभं केलं होतं. हेडसर पंचवीस मिनिटं बोलले. मोह कसा होतो, माणूस कसा घसरतो, आणि कुटुंब त्याला कसं सावरतं. कोणाच्या घरात चूक होत नाही, असं ते म्हणाले आणि अध्यक्षबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. मग मावशीला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"चुकले," मावशी म्हणाली. एकच शब्द, पण करवतीचा. मागच्या ओळीत दोन पोरं दचकली.

मग हेडसरांनी खूण केली आणि सगळी मुलं शिकवल्याप्रमाणे एका सुरात म्हणाली, "मावशी, आम्ही तुम्हाला क्षमा करतो."

फोटो निघाला. मावशीने ते सगळं नाक मुरडून सोसलं. लोकांच्या क्षमेने तिचं काही वाकडं होणार नव्हतं. पण दुसऱ्या ओळीत तपकिरी कोटातली पाढेवाली बसली होती, आणि तिने तोंड उघडलं नव्हतं. ती नुसती मावशीकडे बघत होती, मग कोटाच्या बाहीकडे, मग पुन्हा मावशीकडे. ते मावशीला लागलं. बाकी सगळ्या शाळेने चोर म्हणावं, तिची हरकत नव्हती. या एका पोरीने म्हणू नये, असं तिला फार वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला. पेटीची किल्ली त्याच दिवशी तिच्याकडून काढून क्लार्ककडे दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाढेवालीची आई शाळेत आली. लाँड्रीतून तासाभराची रजा काढून आली होती. हात कोपरापर्यंत वाफेने लाल, आणि त्या हातांवर नीट घडी घातलेला कोट. हेडसरांच्या खोलीच्या काचा पुसत मावशी बाहेरच्या बाजूला उभी होती. दार उघडं होतं.

"हा तुमचा कोट," आई म्हणाली आणि तो टेबलावर ठेवला. "पोरीने घरी येऊन सांगितलं, खुंटीवरचे कोट चोरीला गेले होते म्हणून. मी बाही उलटी केली. ही बघा खूण. तीन टाके, एक फुली. डॉक्टरांकडच्या कपड्यांना ही खूण मीच घालते. माझ्या हातचे टाके मी ओळखणार नाही?"

"म्हणजे मावशीने हा तुम्हाला विकला?" हेडसरांनी विचारलं.

"विकत घ्यायला मी गेले असते होय! पेटीत बेवारस पडलाय म्हणून पोरीला फुकट दिला. मी ठेवून घेतला, ती माझी चूक. चोरीचं आमच्या घरात चालत नाही, साहेब."

हेडसर मूर्ख नव्हते. त्यांच्याविषयी सगळ्यात वाईट सांगायचं तर हेच. त्यांनी कोटाकडे पाहिलं, उलटलेल्या कॉलरकडे पाहिलं, रंगाकडे पाहिलं, आणि मग काचेपलीकडे उभ्या मावशीकडे. सगळं त्यांच्या लक्षात आलं. ते लक्षात आल्याचं मावशीला दिसलं. पण क्षमेचा अहवाल फोटोसकट कालच वरच्या कार्यालयात रवाना झाला होता.

"म्हणजे," हेडसर घसा साफ करून म्हणाले, "मावशींनी पाच नव्हे, चार कोट विकले."

मावशीने काचेवर फडकं इतक्या जोरात दाबलं की काच किंचाळली.

पुढचं सगळं घाईघाईत झालं, कारण आईला परत कामावर जायचं होतं. अध्यक्षबाईंना फोन गेला, त्या धावत आल्या. पाढेवालीला वर्गातून बोलावलं. प्रामाणिकपणाचं एक प्रमाणपत्र जानेवारीतलं उरलं होतं, त्यावर तिचं नाव घातलं. मायलेकींना हॉलमध्ये उभं करून टाळ्या झाल्या. पोर विटलेल्या पातळ स्वेटरमध्ये उभी होती, दोन्ही हातांत प्रमाणपत्र धरून, आणि ते कागद वाजेल इतकं थरथरत होतं. भावनेने, असं अध्यक्षबाई शेजारच्या बाईंना म्हणाल्या. कोट परत खुंटीवर गेला.

"तुला हवा असेल तर तूच घे हं बाळा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "फक्त आपली पद्धत आहे ना, ते छोटंसं कार्ड वाचायचं."

"नको," आई म्हणाली. "थंडी काही आम्हाला आजची नाही."

जाताना ती व्हरांड्यात मावशीसमोर थांबली. मावशीला वाटलं होतं, ही तरी काहीतरी समजून घेईल.

"मला कळलंय तुम्ही का केलंत ते," आई म्हणाली. "म्हणून तर जास्त राग येतोय. माझी पोर दीड महिना दुसऱ्याचा कोट घालून हिंडली, आणि मला पत्ता नाही. द्यायचाच होता तर माझ्याकडे यायचं होतंत. तोंडावर विचारायचं होतंत."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. पण नाही म्हणायचं माझ्या हातात राहिलं असतं ना?"

मावशीने आयुष्यात कोणाला उत्तर द्यायचं बाकी ठेवलं नव्हतं. क्लार्कला, हेडसरांना, नवऱ्याला, मुलाला. पण ही बाई बरोबर बोलत होती, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसांची मावशीला सवय नव्हती. ज्या अध्यक्षबाईंनी पोरांना न विचारता कार्डं छापली, त्यांना मावशीने दोन महिने मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. तिने तरी कोणाला विचारलं होतं? हे तिला तिथे, हातात ओलं फडकं धरून, पहिल्यांदा सुचलं. ती बादली उचलून निघून गेली.

बाकीच्या चार घरांनी ही सगळी हकीकत ऐकली आणि कोट घालणं चालू ठेवलं. तेवढीच चार घरं त्या शाळेत शहाणी निघाली.

पुढच्या दिवशी सकाळी सव्वासातला मावशी शेगडीपुढे बसून कोळसा सारखा करत होती. बाहेर पाढे ऐकू येत नव्हते. खिडकीतून पाहिलं तर पाढेवाली अंगणात नळाजवळ उभी होती, हात काखेत घालून, ओठ निळे पडलेले. मावशीने दार उघडलं.

"काय गं, पत्रिका द्यायची का तुला? आत ये. दार उघडं राहिलं की माझी ऊब जाते."

पोर दारापर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. पाय मात्र तिने सवयीने पुसले.

"आई म्हणाली, तुमच्याशी बोलायचं नाही," ती म्हणाली. "आणि तुमच्याकडून काही घ्यायचं नाही."

हे सांगताना ती रडवेली झाली होती, पण तिने सांगितलं. आईने सांगितलेलं ती पाळणार होती. या शाळेत फळ्यावर काही न लिहिता एक तरी पोर कबूल केलेलं पाळत होतं, आणि त्याची झळ नेमकी मावशीलाच बसत होती. मावशीच्या घशाशी चारपाच चांगली करवती वाक्यं आली. तिने ती गिळली.

"आई बरोबर म्हणाली," ती म्हणाली. "मी काही देत नाहीये. शेगडी माझी नाही, शाळेची आहे. मी तर आता चाललेच आहे बाहेर. इथे कोणी नसणार, म्हणजे बोलायचा प्रश्नच नाही. झडपेला हात लावू नकोस."

तिने खोलीत जाऊन आपली शाल घेतली नाही, कारण तेवढा वेळ पोर उंबऱ्याबाहेर थंडीतच उभी राहिली असती. ती दाराच्या बाजूने बाहेर पडली. पोर आत गेली. मावशीने बाहेरून दार ओढून घेतलं आणि अंगणात, नळापाशी, जिथे ती उभी होती तिथे जाऊन उभी राहिली.

पावणेआठला अध्यक्षबाईंची गाडी फाटकातून आत आली. क्षमेवर त्यांना आणखी एक कल्पना सुचली होती. मावशीला तशी शाल न घेता, झाडूही हातात नसताना उभी पाहून त्या थांबल्या.

"मावशी, आत शेगडी पेटलेली असताना इथे काय करताय?"

"हवा खातेय," मावशी म्हणाली.

अध्यक्षबाई आत जायला निघाल्या. मावशी पटकन पुढे झाली आणि दारासमोर उभी राहिली.

"अजून पंधरा मिनिटं आहेत," ती म्हणाली. "आठशिवाय आत सोडत नाही मी कोणाला."